नको, की परवडत नाही?

४ जानेवारी

पहाटेचे साडेपाच. ताईच्या घरातली माणसं झोपेत आहेत तोवर लिहून घेते. स्वयंपाकघरातली माझी गादी गुंडाळली की घडीचं टेबल उघडता येतं आणि अर्धा तास ते माझं असतं. सहाला भावोजी उठले की ते त्यांच्या चहाचं होतं. भावोजी मनानं वाईट नाहीत. मी अजून इथं का, असं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही; फक्त मी समोर आले की ते ताईशी जरा हळू बोलतात.

काल पाहणीची यादी हातात पडली. यंदाही तीच गल्ली! दोन वर्षांपूर्वी केली होती तीच, अठरा ते तीस वयाची तीच एकशे एकोणसाठ माणसं. आमच्या साहेबांना सगळे दशांश म्हणतात, कारण 'सुमारे' हा शब्द त्यांना सहन होत नाही. ते म्हणाले, "मागच्या वेळी बावीस दिवसांचं काम तू सोळा दिवसांत उरकलंस. यंदा नीट पार पाड. सहायक पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे."

सहायकाला कार्यालयाच्या मागे राहायला खोली मिळते. दाराला आतून कडी असलेली खोली! ताईला मार्चमध्ये बाळ होईल. पाळणा ठेवायला या घरात एकच जागा आहे आणि आत्ता तिथं माझी गादी आहे. हे मला कुणी बोलून दाखवलेलं नाही, पण मोजमाप हा माझा धंदाच आहे.

६ जानेवारी

पाहणीबद्दल एकदा लिहून ठेवावं. उद्या मी मोठी साहेबीण झाले तर आठवण राहील.

तरुण माणसांची गरिबी मोजायची म्हणजे कमाई किती हे विचारायचं नाही. कमाईचं लोक खोटं सांगतात, शिवाय आईबापांच्या घरी राहणाऱ्याची कमाई कुठली आणि घरची कुठली हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून पंधरा गोष्टी विचारायच्या. बुटांचे दोन जोड आहेत का? थंडीत खोली उबदार ठेवता येते का? दिवसातून दोनदा पोटभर जेवता का? दुखलंखुपलं तर डॉक्टरकडे जाता का? महिन्यातून एकदा मित्रांबरोबर बाहेर काही खाता का? असं करत करत पंधरा. 'हो' म्हटलं की विषय संपला. 'नाही' म्हटलं तर पुढे दोन चौकटी: 'परवडत नाही' आणि 'नको आहे'. 'परवडत नाही' पाच वेळा आलं की माणूस वंचित. 'नको आहे' पंधराच्या पंधरा वेळा आलं तरी तो वंचित नाही. ती त्याची आवड.

नियम असा की 'नाही' आल्यावर दोन्ही पर्याय सावकाश मोठ्यानं वाचून दाखवायचे. पंधरा वेळा! लोक जांभया देतात, आतून कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि आपण पोपटासारखे 'परवडत नाही म्हणून, की नको आहे म्हणून?' मी ते केव्हाच सोडून दिलं. माणूस 'नको' म्हणाला की नकोवर टिक. तो स्वतःच्या तोंडानं म्हणतोय की. बावीस दिवसांचे सोळा कसे झाले, त्याचं गुपित हे. दशांशांना कळलं तर माझी धडगत नाही.

८ जानेवारी

दोन दिवसांत एकवीस घरं. हात बसलेला आहे. गल्लीत चिखल आणि गारठा. माझ्या डाव्या बुटात पुठ्ठा घातलाय, तो दुपारपर्यंत भिजून लगदा होतो, मग नवा घालायचा. पुठ्ठ्याला काय तोटा! दुपारी मला भूक लागत नाही हे एक बरं आहे. बाकीचे प्रगणक जेवायला तासभर घालवतात, तेवढ्यात माझी तीन घरं होतात.

कोपऱ्यावर केस कापणारा एकजण आहे, सव्वीस वर्षांचा, तोंडानं फटकळ. मित्रांबरोबर बाहेर खाण्याचं विचारलं तर म्हणाला, "मित्रच नकोत मला. गिऱ्हाइकं डोकं खातात, तेवढं पुरे." मी हसत टिक केली. गोड माणूस आहे.

गल्लीच्या टोकाला तरुणांसाठीचं केंद्र होतं. गरम हॉल, दुपारचं जेवण, आठवड्यातून तीनदा डॉक्टर. आता तिथं साखळी आहे आणि पाटी: 'वस्तीची स्थिती सुधारल्यामुळे केंद्र अन्यत्र हलवण्यात आले आहे.' वंचितांचं प्रमाण विसाच्या खाली गेलं की हलवतात. मागच्या फेरीत या गल्लीत ११.३ टक्के निघाले होते. माझ्या हातचा आकडा! पाटी वाचून खरं सांगायचं तर छाती फुगली. आपण मोजतो आणि कुठं तरी काही हलतं.

११ जानेवारी

आज एकशे बेचाळीस क्रमांक. मला तो चेहऱ्यानिशी आठवत होता, कारण मागच्या वेळी त्याच्यामुळे दिवस मजेत गेला होता. तिसरा मजला, उतरत्या छपराची खोली, बावीस वर्षांचा मुलगा. मालाच्या गोदामात खोकी भरायचा. मला बसायला एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः दाराला टेकून उभा राहिला. पंधरा प्रश्न नऊ मिनिटांत! दुसरा जोड? नको. खोली गरम? नको, मला उकडतं. डॉक्टर? नको हो. शेवटी मी म्हटलं होतं, "तुम्ही तर साधूच झालात." तर मनापासून हसला होता. टॅबवर मागच्या फेरीचे रकाने दिसतात. त्याच्या नावावर तेरा नको, दोन हो. वंचित: नाही.

दार त्याच्या आईनं उघडलं. शिवणकाम करतात. मागच्या वेळी त्या कामावर गेलेल्या होत्या, त्यामुळे भेट नव्हती. मी ओळख दिली, तर म्हणाल्या, "ये गं, बस. तो नाही आता."

मी विचारलं, कधी भेटेल? त्यांनी नुसती मान हलवली. म्हटलं, बाहेरगावी असतो का? म्हणाल्या, "तसंच म्हण." मग म्हणाल्या, "त्याला आता काही कमी नाही." चला, म्हणजे कुठं तरी बस्तान बसलं पोराचं. ऐकून बरं वाटलं.

त्याची जागा त्यांनी फार टापटीप ठेवलीय. पलंगावर जाड नवी रजई, एकही सुरकुती नाही. पलंगाखाली कोरे करकरीत बूट. आणि पायथ्याशी छोटा हीटर चालू. घरात दुसरं कुणी नाही, त्या स्वतः मशीनपाशी दोन स्वेटर घालून बसलेल्या, आणि हीटर रिकाम्या पलंगाकडे तोंड करून! मी म्हटलंही, "काकू, इकडे वळवून घ्या ना." तर म्हणाल्या, "नको, त्याला थंडी सोसत नाही."

निघताना त्यांनी मशीनच्या खणातून एक कागद काढून दाखवला. आमचीच पावती, मागच्या फेरीनंतर घरोघर पाठवलेली. 'सदर व्यक्तीस वंचित म्हणता येत नाही.' पिशवीत घालून ठेवलीय. म्हणाल्या, "लोक काय वाटेल ते बोलतात. मी आबाळ केली म्हणतात. मी हा कागद दाखवते."

आमच्या पावतीला इतकं कुणी जपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. 'स्थलांतरित' अशी नोंद केली.

१२ जानेवारी

खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका जिन्यातच भेटले. स्थलांतरित झालेल्या त्या मुलाचा नवा पत्ता हवा म्हणून विचारलं.

"कुणी सांगितलं तुला स्थलांतरित?"

मग तेच म्हणाले, "मागच्या जानेवारीत गेला तो. छाती भरली होती. पंधरा दिवस खोकत खोकत कामावर जायचा. केंद्रातला डॉक्टर होता तोवर निदान फुकट बघायचा. ते बंद झालं. मी म्हटलं, मी नेतो, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. तर म्हणे, नको काका." काकांनी हातातलं भिंग पुसलं. "चोवीस पुरी व्हायला आठवडा होता."

मी आभार मानले. काय डोंबलाचे आभार मानले, कोण जाणे.

१३ जानेवारी

काम केलं नाही. ताईला सांगितलं, डोकं दुखतंय.

१५ जानेवारी

नियमपुस्तिकेत शोधलं. पान एकतीस. 'मृत: यादीतून वगळावे.' एवढंच. म्हणजे तो कुठंच येणार नाही. मागच्या फेरीत तो वंचित नव्हता, या फेरीत तो नाहीच. असं पाहिलं तर गरीब माणसं मरत गेली की आमचा आकडा सुधारत जातो. हे माझ्या आधी कुणाच्या लक्षात आलं असेलच. मोठमोठी शिकलेली माणसं आहेत वर.

टॅब उघडला की त्याचीच ओळ उघडते. शेवटी जे पान पाहिलं तेच पुन्हा येतं, त्यात काही गूढ नाही, मला ठाऊक आहे. तरी मी पान बदलून बंद केलं, आणि दुपारी उघडलं तर तेरा नको समोर. तेव्हापासून कुठल्याही घरात कुणी 'नको' म्हटलं की ते मला त्याच्याच आवाजात ऐकू येतं. आज एका मुलीनं नाकातून 'नको' म्हटलं आणि मी मागे वळून दाराकडे पाहिलं. दाराला टेकून कुणी नव्हतं. ती मुलगी घाबरली, मी त्याहून जास्त.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. ती मुद्दामच राहिली होती, म्हणून आज लिहिते. त्या दिवशी तो दाराला टेकून उभा होता, तेव्हा खोलीत बोललं की वाफ दिसत होती तोंडातून, आणि त्यानं दोन्ही हात काखेत धरले होते. हे मी पाहिलं होतं. 'मला उकडतं' म्हणाला आणि मी टिक केली. फॉर्म संपल्यावर मी जिना उतरायला लागले तर वरून त्यानं विचारलं, "पुन्हा कधी येणार तुम्ही?"

मी म्हटलं, "दोन वर्षांनी."

"अच्छा," म्हणाला. "तेव्हा नीट सांगतो."

मला ती थट्टा वाटली होती. देवाशप्पथ, थट्टाच वाटली होती.

१७ जानेवारी

मागच्या फेरीतले माझे सगळे फॉर्म काढून मोजले. माझ्या गल्लीत 'नको आहे' सातशे त्रेचाळीस. इतर प्रगणकांच्या गल्ल्यांत दीडशेच्या आसपास. तेव्हा दशांश म्हणाले होते, "तुझ्या भागातली माणसं फारच समाधानी दिसतात." मी म्हटलं होतं, हो साहेब, साधी माणसं आहेत.

पुन्हा मोजले. सातशे त्रेचाळीसच.

१९ जानेवारी

केस कापणाऱ्याकडे पुन्हा गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, माझं काही विचारायचं राहिलंय. तोच प्रश्न घेतला, मित्रांबरोबर बाहेर खाण्याचा. म्हणाला, "सांगितलं ना, मित्र नकोत."

मी पुस्तिकेत लिहिलंय तसं सावकाश वाचलं, "परवडत नाही म्हणून, की नको आहे म्हणून?"

त्याचा चेहरा उतरला. कात्री पुसत बसला. मग म्हणाला, "त्यांनी दोनदा माझे पैसे भरले. तिसऱ्या वेळी मीच जाणं सोडलं. आता ते बोलवतही नाहीत." आणि चिडून म्हणाला, "ताई, असं दोन-दोनदा काय विचारता? एकदा विचारलं की माणसाला सांभाळून घेता येतं."

एकदा विचारलं की सांभाळून घेता येतं. हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोकत आले.

संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जणांना तसं विचारलं. दहाही मागच्या फेरीत 'वंचित नाही' होते. दहांपैकी सहा जण पाचाच्या वर गेले. एकजण अकरावर. आधी त्या माणसाला मी 'गुणी' म्हणून लक्षात ठेवलं होतं.

२२ जानेवारी

दशांशांना सांगितलं तर काय होईल, याचा हिशोब सोपा आहे. जागा जाईल, खोली जाईल, नोकरीही जाईल, आणि मार्चमध्ये पाळणा येईल. न सांगितलं तर कुणालाच काही कळणार नाही. उरलेली घरं नीट विचारून करता येतील. पण मग मागची गल्ली श्रीमंत होती आणि यंदा एकदम गरीब झाली असं दिसेल, आणि दशांश त्याचं कारण शोधतीलच. किंवा जुन्याच पद्धतीनं करून टाकायचं. मग आकडा विसाच्या खाली राहील, केंद्राची साखळी तशीच राहील, आणि सहायकाच्या खोलीला आतून कडी असेल.

आणि काकू! त्या तो कागद लोकांना दाखवतात. त्यांच्याकडे दुसरं आहे काय? मी खरं बोलले तर तो कागद माझ्या तोंडानं खोटा ठरतो. माझ्या मनावरचं ओझं उतरवायला मी त्यांच्या पदरातलं काढून घ्यायचं?

रात्री ताई पाणी प्यायला उठली. मला जागी पाहून बसली. "काय होतंय तुला? खातेस की नाही नीट? अंडं करून देऊ?"

म्हटलं, नको गं, तू झोप.

"तुला कधी काही नकोच असतं," म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. बिचारी थकलेली असते. तिला कशाला त्रास?

२३ जानेवारी

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. वरून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला तशी मी पळाले. एवढी मोठी बाई मी, आणि जिन्यावरून पळाले! कुणी तरी मागून उतरतंय असं वाटत होतं, अगदी माझ्याच चालीनं.

२५ जानेवारी

सांगितलं.

दशांश डबा खात होते. मी उभ्यानंच सांगितलं: दुसरी चौकट मी वाचून दाखवत नव्हते. त्यांनी डबा बंद केला. चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, "सुमारे किती जणांना?"

सुमारे! त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हा कळलं की हे माणूस हादरलंय.

"सगळ्यांना," मी म्हटलं.

मी केलेल्या दहा जणांचे आकडे त्यांनी पाहिले आणि कागदावर बराच वेळ काही मांडत बसले. मी ओरडा खायच्या तयारीत होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मागची फेरी बंद झाली. त्यात आता बोट घालता येत नाही. ही फेरी दुसरं कुणी तरी पहिल्यापासून करेल, दोन्ही चौकटी वाचून. केंद्राचं काय ते त्या आकड्यावर ठरेल. बहुतेक परत येईल."

"आणि एकशे बेचाळीस?"

"मृत. वगळायचा." मग आवाज खाली आणून, "मेलेली माणसं टक्केवारीत येत नाहीत. तुला काय वाटतं, मला झोप येते?"

टॅब आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून आले. बाहेर पडताना ते म्हणाले, "तू वेगवान होतीस हे मीच चारचौघांत सांगायचो. हे तेवढं तुझ्या एकटीच्या माथी मारणार नाही." तसे बरे आहेत. पण नोकरी गेली ती गेलीच.

ताईला अजून बोलले नाही.

२७ जानेवारी

आज काकूंकडे गेले. कालच जायचं होतं. काल दिवसभर गल्लीच्या तोंडाशी उभी राहून परत आले.

हीटर तसाच पलंगाकडे तोंड करून चालू होता. मी खुर्चीवर बसले नाही. त्या खुर्चीवर बसून मी एकदा काय केलं ते मला माहीत होतं. उभ्यानंच सगळं सांगितलं. तो पावतीचा कागद खोटा आहे, म्हटलं. तो 'नको' म्हणाला, आणि नियमाप्रमाणे मी त्याला पुढे विचारायचं होतं, की परवडत नाही म्हणून का. तेरा वेळा विचारायचं होतं. एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यानं सांगितलं असतं. त्याच्यासारख्या इतरांनीही सांगितलं असतं. केंद्र राहिलं असतं. डॉक्टर राहिला असता. मला घाई होती, काकू.

मला वाटलं होतं त्या मला घालवून देतील, किंवा कागद छातीशी धरतील. त्यांनी मशीनमधला कपडा काढला, दोरा दातानं तोडला, कपड्याची घडी केली. मग म्हणाल्या, "त्यानं तुला सांगितलं नसतं. दहादा विचारलं असतंस तरी."

"का?"

"मीच शिकवलं होतं त्याला नको म्हणायला."

आणि त्या बोलत राहिल्या. जसं आठवतंय तसं लिहिते.

"चार वर्षांचा होता. एका बाईंकडे शिवलेले कपडे पोचवायला गेले, त्याला घेऊन. निघतानाच बजावलं होतं, कुणी काही पुढे केलं तर नको म्हणायचं. बाईंनी बिस्किटांची बशी समोर धरली. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात मागे बांधले आणि म्हणाला, नको. बाई म्हणाल्या, किती गुणाचं लेकरू! मी त्या दिवशी किती जणांना सांगितलं म्हणून सांगू. प्रत्येकाला. त्याच्यासमोर.

"मग ते घरातही म्हणायला लागला. आणखी वाढू? नको. बूट फाटलेत, बघू या का? नको. डॉक्टरकडे चल. नको गं आई. आणि मला, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं व्हायचं. तो हो म्हणाला असता तर आणणार कुठून होते मी? तू त्याला एकदा विचारलंस आणि गेलीस. मी रोज विचारायचे. पण एकदाच. दुसऱ्यांदा कधीच विचारलं नाही, तो हो म्हणेल या भीतीनं."

हे सगळं त्यांनी रडल्याशिवाय सांगितलं. डोळे कोरडे, आवाज तिखट, कपड्यावरून हात फिरवत. माझ्याच नाकाडोळ्यांतून धार चालू होती.

मग त्यांनी खणातून पावती काढली, पिशवीतून बाहेर घेतली आणि पेन दे म्हणाल्या. माझ्या पिशवीत होतं ते दिलं. "मला नीट लिहिता येत नाही. तूच लिही, मागच्या बाजूला. विचार मला. नियमाप्रमाणे विचार."

मी विचारलं. बूट. परवडत नाही म्हणून, की नको आहे म्हणून? "परवडत नाही." खोली. दोन्ही पर्याय वाचले. "परवडत नाही." जेवण. डॉक्टर. मित्र. दर वेळी मी दोन्ही पर्याय वाचले, सावकाश, आणि दर वेळी त्या थांबून, विचार करून उत्तर देत होत्या, जणू तो दाराला टेकून ऐकतोय आणि त्याच्यावर अन्याय होऊ नये. एका प्रश्नाला म्हणाल्या, "सिनेमा त्याला खरंच नको असायचा. झोप यायची. तिथं नकोच लिही." बारा निघाले. पाचाला वंचित धरतात, काकू, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. कागद पुन्हा पिशवीत घातला, या वेळी मागची बाजू वर करून.

तास-दीड तास गेला असेल. बुटातला पुठ्ठा केव्हाच विरघळलेला, मोजे ओले. त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, हीटर पलंगाकडून फिरवला आणि माझ्याकडे केला. मग आत जाऊन पाव कापला, एक अंडं उकडून सोललं, बशीत घालून आणलं. "सकाळपासून काही खाल्लंस? घे."

मी म्हटलं, "नको काकू, भूक नाही मला."

त्यांच्या हातातली बशी तशीच हवेत राहिली. आणि का कोण जाणे, इतका वेळ मुलाचं सांगताना न रडलेल्या त्या बाई तेव्हा एकदम रडायला लागल्या. मी गडबडले. म्हटलं, अहो खरंच नको, मी दुपारचं खातच नाही कधी, सवयच नाही मला. तशा त्या आणखीच रडायला लागल्या. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. मग डोळेसुद्धा न पुसता त्यांनी बशी माझ्या मांडीवर ठेवली, खाली माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि मला तेच पुन्हा विचारलं.